सूत्र खरं, आकडे उदार : गेममधली गाडी आणि पाम बीचवरची गाडी

रविवारची सकाळ सोडून तुम्ही इतके जण आलात, त्यात बरीच कॉलेजची मुलं दिसताहेत आणि काही पालकही दिसताहेत. विषयच तसा आहे. ओपन-वर्ल्ड गेममध्ये गाडी चालवताना ती आपल्याला खरी का वाटते, आणि ती कुठे खरी नसते, हे आज आपण समजून घेणार आहोत.

सुरुवात घरातल्याच गोष्टीने करतो. आमचा भाचा एकोणीस वर्षांचा आहे. त्याला शिकाऊ लायसन्स मिळालं, म्हणून आम्ही एका सकाळी त्याला खारघरच्या एका रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवायला घेऊन गेलो. लहानपणापासून गेम खेळलेला मुलगा. स्टिअरिंग धरायला, वळणाच्या आत बघायला त्याला फार शिकवावं लागलं नाही. पण पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर तो घाबरून म्हणाला, "मामा, ब्रेक लागत नाहीयेत का?" ब्रेक उत्तम होते. गाडी जिथे थांबायची तिथेच थांबली होती. त्याच्या मनात मात्र ती त्याआधीच थांबून गेली होती.

आजचं सगळं व्याख्यान त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

चार तळहात आणि एक पगार

आधी खरी गाडी बघू. हजार-बाराशे किलोची मोटार रस्त्याला कुठे टेकते? चार टायरच्या चार छोट्या तुकड्यांवर. प्रत्येक तुकडा साधारण आपल्या तळहाताएवढा. गाडीचं पळणं, वळणं, थांबणं, सगळं या चार तळहातांमधून होतं. इंजिन कितीही मोठं असू द्या, तळहात घसरले की संपलं.

या तळहातांची जी पकड असते ना, ती महिन्याच्या पगारासारखी आहे. ठरलेली रक्कम. त्यातून ब्रेकवर खर्च करा, नाहीतर वळण्यावर करा. थोडं थोडं दोन्हीवर करता येतं, पण दोन्हीवर पूर्ण पगार उधळता येत नाही. भर वळणात ज्याने जोरात ब्रेक दाबला, त्याने पगार ब्रेकवर संपवला. वळायला काही उरलंच नाही, म्हणून गाडी सरळ जाते. पाऊस पडला की पगारातच कपात होते. खर्चाच्या सवयी मात्र त्याच राहतात.

दुसरी गोष्ट वजनाची. एसटीत उभं राहून प्रवास केलेल्यांना ही समजावून सांगायला नको. ड्रायव्हरने ब्रेक मारला की सगळी गर्दी पुढे जाते. गाडीचं वजनही तसंच पुढच्या चाकांवर येतं आणि मागची चाकं हलकी होतात. वेग वाढवला की उलट. डावीकडे वळलं की वजन उजव्या चाकांवर. ज्या चाकावर वजन जास्त, त्याची पकड जास्त. म्हणून चांगला चालक ब्रेक वळणाच्या आधी मारतो, वळणात पाय हलका ठेवतो आणि बाहेर पडताना हळूहळू वेग देतो. तो गाडी चालवतो म्हणण्यापेक्षा वजन इकडून तिकडे नेतो म्हणा.

गेममध्ये हे कसं बसवतात

आता गेमकडे येऊ. आमच्या पिढीने 'रोड रॅश' आणि 'मिडटाउन मॅडनेस' पाहिला. मग 'व्हाइस सिटी' आला २००२ साली, आणि सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून तो खेळला गेला. मिशन कोण करत होतं? शहरभर गाडी फिरवायची, एवढंच. २००४ मध्ये 'सॅन अँड्रियास', २००८ मध्ये 'जीटीए ४', २०१३ मध्ये 'जीटीए ५'. 'फोर्झा होरायझन' २०१२ पासून.

गंमत अशी की या गेममध्ये प्रत्येक गाडीचा स्वभाव म्हणजे शेवटी आकड्यांची एक यादी असते. 'जीटीए ५' ची फाइल मॉड करणाऱ्या मुलांनी उघडून बघितलेली आहे. तिचं नावच हँडलिंग. त्यात काय असतं? गाडीचं वजन. गुरुत्वमध्य किती वर, किती खाली. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना किती आणि मागच्यांना किती. ब्रेकचा जोर. चाकं किती अंशांत वळणार. सस्पेन्शन किती कडक. आणि टायरचे दोन आकडे : कमाल पकड किती, आणि घसरायला लागल्यावर उरणारी पकड किती.

हे शेवटचे दोन आकडे नीट लक्षात घ्या. खऱ्या टायरचंही असंच असतं. स्टिअरिंग वळवत गेलं की पकड आधी वाढते, एका शिखराला पोचते, आणि त्यापुढे आणखी वळवलं तर कमी होते. शिखर आणि उतरण यांत फार फरक असेल, तर गाडी एकदम हातातून सुटते. फरक थोडा असेल, तर ती सावकाश, सांगून-सवरून घसरते. गेम बनवणाऱ्याला दुसरी गाडी हवी असते, कारण तिच्यात ड्रिफ्ट मारता येतो आणि चुकलं तरी सावरता येतं.

म्हणजे गेममधलं भौतिकशास्त्र खोटं नाही. वजन सरकतं, पकड संपते, पुढची चाकं घसरली की गाडी वळणाबाहेर जाते, मागची घसरली की शेपूट फिरते. सूत्र तेच. फक्त त्यात घातलेले आकडे उदार असतात.

उदाहरण म्हणून 'जीटीए ४' आणि 'जीटीए ५' शेजारी ठेवू. 'चार' मधली गाडी मऊ आहे. ब्रेक मारला की नाक खाली जातं, वळलं की अंग एका बाजूला कलतं. बरेच खेळाडू वैतागले, गाडी आहे की होडी, म्हणाले. काहींना तीच सगळ्यात आवडली, कारण तिच्यात वजन जाणवतं. 'पाच' मध्ये गाड्या टणक झाल्या, बोट लावलं की वळतात. गाडी हवेत उडाली तरी तिला तुम्ही हवेतच फिरवू शकता, जे खऱ्या जगात कुणालाच जमणार नाही. मग खरा कोणता? आम्ही म्हणू, दोन्ही निवडलेले आहेत. एकाने वजन दाखवायचं ठरवलं, दुसऱ्याने आज्ञाधारकपणा. 'पाच' मध्ये एकाच वेळी गाडी चालवायची, पोलिसांना चुकवायचं आणि गोळ्याही झाडायच्या. तिथे नखरे करणारी गाडी कुणाला परवडणार?

अगदी खऱ्याच्या जवळ जाणारेही आहेत. 'बीमएनजी' मध्ये गाडीचा सांगाडा शेकडो बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या दांड्या यांचा असतो, आणि त्याचं गणित सेकंदाला २००० वेळा होतं. म्हणून तिथे पत्रा खरा चेपतो. पण अख्खं शहर, हजारो माणसं, हवामान आणि रहदारी चालवायची असेल, तर प्रत्येक गाडीवर एवढं गणित करायला यंत्राला वेळ कुठून मिळणार? म्हणून दूरची रहदारी सोप्या नियमांवर चालते, आणि तुमची नजर वळली की गायबही होते.

गायब झालेलं शरीर

पण उदारपणाचं खरं कारण यंत्र नाही. खरं कारण तुमच्या खुर्चीत आहे.

शिवनेरीने पुण्याला जाताना बस ताशी ८० ने चाललेली असते आणि आपण झोपलेलो असतो. तेच ठाणे-बेलापूर रस्त्यावर रिक्षा ४० ने निघाली की आपण दांडा घट्ट धरतो. असं का? रिक्षात रस्ता जवळ दिसतो, वारा लागतो, खड्डा कमरेला कळतो. वेग आपण काट्यावर वाचत नाही, तो अंगाने वाचतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग, पाठ, बूड, मान, हाताला येणारा स्टिअरिंगचा ताण, हे सगळं मिळून आपला खरा स्पीडोमीटर.

गेममध्ये यातलं काहीही नसतं. तुम्ही खुर्चीत स्थिर, डोळे एका सपाट पडद्यावर. मग बनवणारे काय करतात? वेग वाढला की दृश्याचा कोन रुंद करतात, कडा धूसर करतात, कॅमेरा थरथरवतात. पकड संपत आली की टायरचा किंकाळीसारखा आवाज देतात, हातातला कंट्रोलर कापतो. अंगाला जे कळायला हवं होतं, ते कानाला आणि बोटांना सांगतात. ही फसवणूक नाही हं, हे भाषांतर आहे.

आणि हात? खऱ्या गाडीत पेडल थोडं दाबता येतं, जास्त दाबता येतं. कीबोर्डवर बटण एक तर दाबलेलं असतं, नाहीतर सुटलेलं. मोबाइलवर काचेवर अंगठा. इतक्या ओबडधोबड हातांनी खरी गाडी चालवली तर पहिल्या चौकात ती दुभाजकावर चढेल. म्हणून गेम मधे पडतो. तुम्ही बटण दाबलं तरी चाक हळूहळू वळवतो. वेग जास्त असेल तर कमी वळवतो. पकड वाढवून देतो. 'फोर्झा' तर चुकल्यावर वेळच मागे फिरवू देतो.

शरीर नाही, हात तोकडे, म्हणून आकडे उदार. खेळासाठी हे अगदी योग्य आहे. अडचण येते ती सवय अंगात घेऊन आपण रस्त्यावर उतरतो तेव्हा.

आपला रस्ता

आता पाम बीच रोड डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला खाडी आणि कांदळवन, दुसऱ्या बाजूला उंच इमारती, रुंद मार्गिका. नोड आणि सेक्टर आखून वसवलेलं आपलं शहर आहे. १९७० मध्ये सिडको आली आणि कागदावर आधी रस्ते आले, मग माणसं. म्हणूनच इथले मोठे रस्ते गेमच्या नकाशासारखे दिसतात. रात्री अकरानंतर तर गेमच. आणि याच रस्त्यावरच्या शर्यतींच्या, अपघातांच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचलेल्या आहेत.

थोडं गणित करू, घाबरू नका. अटल सेतूवर मोटारीला ताशी १०० ची मर्यादा आहे, तोच वेग घेऊ. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. समोर काही दिसलं आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी २८ मीटर ब्रेकशिवायच पुढे गेली. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, घर्षणाचा गुणक ०.७ धरला तर, थांबायला आणखी ५६ मीटर. एकूण ८४. ओल्या रस्त्यावर गुणक ०.४ धरा : ब्रेकचे ९८ मीटर, एकूण १२६.

आता समजा एखाद्या गेमने पकड दुप्पट दिली. तिथे ब्रेक दाबल्यापासून गाडी २८ मीटरमध्ये उभी राहते. तुमच्या डोळ्यांना, पायाला त्या २८ मीटरची सवय झाली. मग खऱ्या रस्त्यावर, ज्या जागी गेममधली गाडी थांबून उभी असते, त्याच जागी खरी गाडी कोरड्यात अजून ताशी ७१ ने जात असते. आणि पावसात ताशी ८५ ने.

हा आकडा मुद्दाम पुन्हा सांगतो. तुम्हाला वाटतं आपण थांबलो, आणि त्या जागी तुमचा वेग आहे ८५. आमच्या भाच्याने हळू वेगात जे विचारलं ना, "ब्रेक लागत नाहीयेत का", तोच प्रश्न या वेगाला विचारायला वेळ मिळत नाही.

वळणाचंही तसंच. ५० मीटर त्रिज्येचं सपाट वळण कोरड्यात जास्तीत जास्त ताशी ६७ ने घेता येईल, ओल्यात ५० ने. तेही टायर चांगले असतील तर.

आणि आवाजाची गोष्ट विसरू नका. गेममध्ये घसरण्याआधी टायर ओरडतो. मुलं नकळत त्या आवाजाची वाट बघायला शिकतात. जुलैच्या पावसात ओल्या रस्त्यावर टायर सहसा ओरडत नाही. चाकाखाली पाण्याचा थर आला की स्टिअरिंग अचानक हलकं लागतं, बस्, एवढाच इशारा. आणि गेमने तुम्हाला तो कधी दिलेलाच नसतो.

दुचाकीचं वेगळं

आपल्याकडे बहुतेक मुलं आधी दुचाकीवर बसतात, आणि मोबाइलवर 'इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग' सारखे गेम घरोघरी आहेत. दुचाकीच्या बाबतीत गेमचा उदारपणा सर्वांत मोठा. तिथे बाइकला एका अदृश्य हाताने उभं धरलेलं असतं. डावं बटण दाबलं की ती डावीकडे कलते आणि वळते. खऱ्या बाइकला वेगात डावीकडे न्यायचं तर हँडलची डावी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते, मग ती डावीकडे कलते. चालवणारे सगळे हे करतात, पण करतोय हे बहुतेकांना माहीत नसतं. आणि त्या दोन तळहातांपैकी पुढचा, ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर, ब्रेक दाबलेला असताना घसरला तर सावरायला अर्धा सेकंदही नसतो. अदृश्य हात तिथे नसतो.

मग गेम वाईट का?

अजिबात नाही. आम्ही स्वतः खेळतो. गेम बऱ्याच गोष्टी बरोबर शिकवतो : नजर बॉनेटवर नको, वळण जिथे संपतं तिथे हवी. ब्रेक वळणाआधी. शेपूट ज्या बाजूला निसटली, स्टिअरिंग त्याच बाजूला. आकार बरोबर शिकवतो, माप चुकीचं शिकवतो. माप रस्त्यावर, हळू वेगात, जाणत्या माणसाला शेजारी बसवून नव्याने शिकावं लागतं.

घरी एक करून बघा. ज्या गेममध्ये वेग दिसतो त्यात सरळ रस्त्यावर १०० चा वेग घ्या, एका खांबापाशी पूर्ण ब्रेक दाबा आणि किती गाड्यांच्या लांबीत थांबलात ते मोजा. खऱ्या, कोरड्या रस्त्याचं उत्तर साधारण १४ गाड्या. मग पाऊस लावून पुन्हा मोजा. खरं उत्तर साधारण २४. तुमच्या गेमचं उत्तर वहीत लिहा. तो फरक म्हणजे गेमने तुम्हाला दिलेलं उधार. आणखी एक : आवाज बंद करून तीच गाडी चालवा. एकदम हाताबाहेर गेल्यासारखी वाटेल. कानावर किती विसंबून होतो ते तेव्हा कळतं.

इथे थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : *माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. तो म्हणतो, मला गेममधून येतं, सोसायटीपासून स्टेशनपर्यंतच तर न्यायची आहे गाडी. त्याला काय सांगू?*

दोन गोष्टी सांगा. पहिली कायद्याची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो : २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्याला म्हणा, तुला येतं हे मला मान्य आहे, पण तुला आकार येतो, माप येत नाही. अपमान करू नका. त्याला जे येतं ते खरंच येतं. जे येत नाही ते मात्र खेळून कळणारच नाही, कारण गेमने ते मुद्दामच झाकून ठेवलंय.

प्रश्न : *आपल्या रस्त्यांवरचा गेम निघाला तर फरक पडेल का?*

मुंबईतल्या गेमइऑन कंपनीने 'मुंबई गल्लीज' नावाचा मुंबईवर बेतलेला ओपन-वर्ल्ड गेम जाहीर केलेला आहे, उत्सुकता आम्हालाही आहे. पण रस्ता ओळखीचा झाला म्हणून आकडे खरे होत नाहीत. उलट जपावं लागेल. लॉस एंजेलिससारख्या शहरात गाडी ठोकून घरी येणं वेगळं, आणि आपल्याच चौकात शंभरदा न मरता पुढे जाणं वेगळं. एखाद्या गेमने पावसाळा लावल्यावर ब्रेकचं अंतर खरोखर तितकं वाढवून दाखवलं, तर आम्ही त्या मंडळींना इथे बोलावून हार घालू.

निघताना बहुतेकजण गाडीने जाणार आहात. बाहेर रस्ता ओला आहे. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा थोडं जास्त अंतर ठेवा, एवढीच विनंती.